दार वाजवून आलेला चहा

अनिताला महाबळेश्वर बघायचं नव्हतं. दऱ्या, तळं, घोडे, स्ट्रॉबेरी, यातलं काहीच तिला नको होतं, आणि हे तिला कुणाला सांगताही येत नव्हतं, कारण मग निघालीस कशाला, असं विचारलं असतं. तिला फक्त एक सकाळ हवी होती. अशी सकाळ, की आपण अजून अंथरुणात आहोत, बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय आणि दार उघडलं की समोर चहा.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं निरंजनने. निरंजन परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत वेल्डर. महाळुंग्यात अनिताच्याच खोल्यांमध्ये भाड्याने राहायचा आणि तिच्याच मेसमध्ये जेवायचा. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आला आणि ताटावर बसून वर्णन सांगायला लागला. धुकं झालं, माकडं झाली. अनिता पोळ्या लाटत होती, तिचं अर्धंच लक्ष होतं. मग तो म्हणाला, "आन काकू, सकाळी चहा खोलीत येतो बघा. दार वाजवून. आपुन उठायचं बी काम नाही." तव्यावरची पोळी करपली, इतका वेळ अनिता त्याच्याकडे बघत राहिली.

अनिता लग्न होऊन महाळुंग्यात आली तेव्हा दारापुढे बाजरी आणि कांदा होता. मग कंपन्या आल्या, जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर सासऱ्यांनी खोल्या बांधल्या, आणि खोल्यांमध्ये बिहारपासून बीडपर्यंतची पोरं राहायला आली. एका पोराला बाहेरचं खाऊन कावीळ झाली, त्याला अनिताने महिनाभर वरणभात दिला. तो बरा झाला आणि जाताना चार मित्र जेवायला लावून गेला. मेस सुरू झाली ती अशी. कुणी ठरवलं नाही, कुणी तिला विचारलं नाही. तेव्हापासून पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी शिफ्ट, सगळ्यांचे डबे तिच्या हातचे. कंपनीत शिफ्ट बदलायची, माणसं बदलायची. अनिताच्या ओट्यावर तिला सोडवायला येणारा रिलिव्हर नव्हता.

घराबाहेर ती कधी गेलीच नव्हती असं नाही. पण गेली तिथे ओट्यापाशीच गेली. सख्ख्या भावाच्या लग्नात तिने पुऱ्या तळल्या. जेजुरीला गेली तर पुरणाचा घाट तिच्याकडे. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन पिंपरीला झालं तेव्हा ती दवाखान्यात त्याच्या उशाशी कमी आणि डबा घेऊन बसमध्ये जास्त होती. दुसऱ्याने केलेला चहा तिने बसून प्यायला होता तो फक्त बाळंतपणात, आणि त्यातही तिची आई साखर घालायला विसरली होती.

आता नवऱ्याविषयी. बबनराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. फक्त दोन गोष्टी त्याच्या रक्तात होत्या. एक, कुठल्याही गावावरून जाताना नातेवाइकाच्या दारात उतरल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि दुसरी, बाहेरचं खायचं नाही. बाहेरच्या अन्नात सोडा असतो आणि बाहेरच्या पाण्यात काय असतं ते देवाला ठाऊक, असं तो सांगायचा. आणि कुणी वाद घातलाच तर शेवटचा पत्ता टाकायचा, "आईला बाहेरचं चालत न्हाई." आई म्हणजे गवराबाई, अनिताची सासू. तिचं नाव निघालं की पुढे कुणी बोलायचं नाही.

तरी या वेळी अनिताने नेट लावला. मुलाने, ऋतिकने, गाडी घेतली होती आणि त्याला कंपनीतून दोन दिवस सुट्टी होती. मेस दोन दिवस बंद, अशी पाटी तिने स्वतः खडूने लिहिली. पोरं पाटी वाचून सुतक असल्यासारखी हळू आवाजात विचारायला लागली, काकू, घरात कुणाचं काही झालं का. अनिताने कपाळाला हात लावला. मी फिरायला चाललेय, हे तिने इतक्या जणांना सांगितलं की शेवटी तिचीच तिला लाज वाटायला लागली.

निघायच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. ऋतिकने डिकी उघडली आणि अनिता बघतच राहिली. आत छोटा सिलेंडर होता, वर बसवायची शेगडी होती. बाजरीचं पीठ, तांदूळ, कांदे, तवा, परात, दोन पातेली आणि खलबत्ता होता. खलबत्ता!

"अहो, हे काय?" ती म्हणाली.

"लागतंय गं. आईला बाहेरचं चालत न्हाई." बबनराव कानटोपीच्या नाड्या बांधत म्हणाला. "तू काय काळजी करू नको. आमी सगळं भरलंय. तुला नुसतं करायचंय."

तुला नुसतं करायचंय! अनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेजारच्या खोल्यांची दारं उघडी होती, पोरं निरोप द्यायला उभी होती. ती मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसली. त्यात गवराबाईंनी नवाच हट्ट धरला. शेगडीची पिशवी डिकीत नको, माझ्या पायाखाली द्या, गुडघा वर राहिला की ठणकत नाही. म्हणजे पूर्ण प्रवासभर ती शेगडी अनिताच्या घोट्याला घासणार होती.

गाडी तळेगावच्या रस्त्याला लागली. कंटेनरच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत ऊन वर आलं. हायवेला लागून थोडं पुढे गेले नाहीत तोच बबनराव म्हणाला, "ताथवड्याला घे."

"का पप्पा?" ऋतिकने विचारलं.

"नानासाहेब राहतो की. चुलत भाऊ हाय माझा. रस्त्यातच हाय."

नानासाहेब रस्त्यात नव्हता, वरच्या मजल्यावर होता, आणि लिफ्ट बंद होती. गवराबाईंना गाडीतच बसवून बाकीचे तिघे जिने चढले. नानासाहेबाने दार उघडलं, आनंदाने मिठी मारली आणि सांगितलं की बायको मुलीकडे गेलीये. "पण वहिनी आहेत ना! वहिनी, किचन तुमचंच समजा." अनिताने किचन आपलं समजलं. साखर कपाटात सापडली नाही, मिक्सरच्या भांड्यात सापडली. चहा झाल्यावर नानासाहेब म्हणाला, आलं असतं तर मजा आली असती. बबनरावाने लगेच सांगितलं, आलं आहे, खाली गाडीत आहे, खलबत्तासुद्धा आहे. तेवढ्यासाठी ऋतिक जिने उतरून परत चढला. अनिताला वाटलं, त्याच खलबत्त्याने काहीतरी करावं.

बोगदा गेला, टोलनाका गेला, खंबाटकीचा घाट गेला. सुरूर फाटा आला तशी अनिता सावरून बसली. इथून उजवीकडे वळलं की वाई, मग पाचगणी, मग महाबळेश्वर. तिने मॅप पाठ केला होता.

"सरळ घे," बबनराव म्हणाला.

"पप्पा, उजवीकडे आहे."

"ठाऊक हाय मला. साताऱ्याला इंदू हाय. साताऱ्यावरून गेलो आन बहिणीच्या दारात न्हाई गेलो, तर काय तोंड दाखवू तिला?"

"पण आपण साताऱ्यावरून जातच नाहीये!"

"म्हणून तर जायचं म्हणतोय," बबनराव म्हणाला, आणि त्याला यात काही चुकीचं वाटलं नाही. ऋतिकने आरशातून आईकडे पाहिलं. अनिताने खिडकीबाहेर पाहिलं. गाडी सरळ गेली.

इंदूवन्सं मायेची बाई. तिने सगळ्यांच्या पायावर पाणी घातलं, भाच्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपला उजवा हात दाखवला. मनगट मुरगळलं होतं, पट्टी बांधलेली होती. "आता तुम्हाला काय घालू खायला, दादा?" ती रडवेली होऊन म्हणाली. बबनराव म्हणाला, "तू बस गं. अनिता हाय की."

अनिता हाय की! कुणाच्या लग्नात, कुणाच्या बाराव्याला, कुणाचा हात मुरगळला की हेच वाक्य. तिने पदर खोचला. पिठलं झालं, भाकऱ्या झाल्या, ठेचा झाला. इंदूचे दीर, जाऊ, त्यांची पोरं, सगळे पंगतीला आले. इंदू भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, "वहिनीच्या हातच्या भाकरीला तोड न्हाई." हे कौतुक अनिताच्या पाचवीला पुजलेलं होतं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर ओट्यावरून बाजूला होता आलं असतं. कौतुक झालं की आणखी दोन भाकऱ्या थापाव्या लागायच्या.

जेवणं होईस्तोवर गवराबाई एकदाच उठल्या. चंची गाडीत राहिली म्हणाल्या, ऋतिककडून किल्ली घेतली आणि गुडघ्यावर हात ठेवत स्वतःच गेल्या. पानाच्या चंचीसाठी ही म्हातारी कुठेही चालत जाईल, पण पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी मला हाक मारील, असं अनिताच्या मनात आलं. सव्वीस वर्षं संसार केलेल्या बाईला असं मनात आणायचा हक्क असतो.

साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याने निघाले. केळघरच्या घाटात हवा बदलली. एका वळणावर बबनरावाला चहाची तलफ आली आणि त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. समोरच टपरी होती. तिथे एक बाई मोठ्या पातेल्यात चहा उकळत होती, गवती चहाचा वास रस्त्याच्या या बाजूपर्यंत येत होता. बबनरावाने टपरीकडे पाठ केली, चटई टाकली, सिलेंडर मांडला आणि अनिताला म्हणाला, "घे, टाक आधण."

"पप्पा, समोर चहा आहे," ऋतिक म्हणाला.

"आईला बाहेरचं चालत न्हाई."

दगडावर बसून गवराबाई दरीकडे बघत होत्या. अनिताने पातेल्यात पाणी ओतलं. खरं सांगायचं तर ते पातेलं दरीत भिरकावून द्यावं, असं तिला फार वाटलं. तेवढ्यात बबनराव ओरडला, "बर्नर कुठंय?"

शेगडी होती, पण ज्या पितळी चकतीच्या भोकांतून जाळ येतो ती चकतीच नव्हती. पिशवी पालथी केली, पीठ चाळलं, तांदळात हात घातला. "मी सोताच्या हातानं ठेवला व्हता!" बबनराव ऋतिकवर चिडला, मग अनितावर, मग रस्ता खराब आहे म्हणून सरकारवर. जाऊ दे, तसंच पेटवा, असं ऋतिक म्हणाला. त्यावर नुसता भडका होईल, भुवया जातील, असं त्याला ऐकावं लागलं. टपरीवालीने हे सगळं हाताची घडी घालून बघितलं. "दादा, चार कप देऊ का?" तिने विचारलं. बबनराव म्हणाला, "नको, आमची सोय हाय." सोय समोर पालथी पडली होती. चहा न पिताच सगळे गाडीत बसले.

महाबळेश्वरला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. बबनरावाने तिथे एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे बाजारातली भांड्यांची दुकानं. प्रत्येक दुकानात शिरून तो बर्नर मागत होता आणि एकही बसत नव्हता. ऋतिकने आईला मक्याचं कणीस घेऊन दिलं. ते तिने उभ्याउभ्या खाल्लं आणि त्या पाच मिनिटांत तिचं डोकं जरा शांत झालं. उद्याची सकाळ अजून बाकी होती. दार अजून वाजायचं होतं.

लॉजवर ऋतिकने दोन खोल्या घेतल्या होत्या. एकीत बापलेक, दुसरीत सासूसून. काउंटरवरच्या माणसाने किल्ल्या दिल्या आणि विचारलं, "सकाळचा चहा खोलीवर पाठवू ना?"

अनिता एक पाऊल पुढे आली.

"नको," बबनराव म्हणाला. "आमची शेगडी हाय. बर्नर गाडीतच पडला असंल, सकाळी उजेडात घावंल. ही करती चहा."

बोल, असं अनिताने स्वतःला सांगितलं. बोल की. मला हवाय, एवढे दोनच शब्द. तीस-चाळीस पोरांना ओरडून ताटावर बसवणारी बाई ती, पण त्या चकचकीत काउंटरपुढे तिने नुसती किल्ली मुठीत धरली. आपल्यासाठी काही मागायची तिच्या तोंडाला सवयच नव्हती. ती जिना चढून वर गेली आणि तिला नवऱ्याचा जितका राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा आला. गवराबाई खालीच सोफ्यावर बसून राहिल्या. गुडघा दुखतोय, जरा टेकते, मग येते म्हणाल्या. त्यांना आणायला ऋतिकला परत खाली जावं लागलं.

सकाळी अनिताला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर धुकं नुसतं राखाडी दिसत होतं. पहिल्या शिफ्टच्या डब्यांची वेळ. पाय आपोआप पलंगाखाली गेले आणि फरशी गार लागल्यावर थांबले. इथे ओटा नव्हता. करायला काहीच नव्हतं. बाजूच्या पलंगावर सासूबाई उठून बसल्या होत्या, शाल लपेटून, गॅलरीच्या काचेतून बाहेर बघत.

आणि दार वाजलं.

अनिता उठली. तिचं तिलाच हसू आलं. तिने केस सारखे केले, पदर घेतला आणि दार उघडलं. बाहेर कानटोपी घातलेला बबनराव उभा होता.

"अगं, मला वाटतं बर्नर सीटच्या खाली घरंगळलाय. बघून येतो. तू तवर पाणी भरून ठेव," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

अनिता दार लावून पलंगावर येऊन बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, पण चांगली रडली. चहासाठी कुणी रडतं का, असं तिला वाटलं आणि त्याने आणखीच रडू आलं. सासूबाई बघत होत्या. बघू देत, अनिता मनात म्हणाली.

पुन्हा दार वाजलं.

"जा, उघड," गवराबाई म्हणाल्या.

"येतील तेच आत. पाणी भरलं का बघायला."

"न्हाई त्यो. उघड तर खरं."

दारात लॉजचा माणूस होता. हातात ट्रे, ट्रेमध्ये वाफाळणारी किटली आणि दोन कप. "आजीबाईंनी रात्री सांगितलं होतं," तो म्हणाला. "दार जोरात वाजव, म्हणाल्या." त्याने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि गेला.

अनिता उभीच राहिली. "आत्या, तुम्हाला बाहेरचं चालत नाही ना?"

"कोन म्हनतं? म्या कदी म्हनले?" गवराबाईंनी कमरेची चंची सोडली. पान, सुपारी, चुन्याची डबी बाजूला सारली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी अनिताच्या हातात ठेवलं. जड लागलं. अनिताने फडकं उलगडलं. पितळी बर्नर होता, चुन्याने थोडा पांढरा झालेला.

"आत्या!"

"साताऱ्याला काढला. पिशवी पायापाशी उगं न्हवती घेतली." म्हातारी कपात चहा ओतत होती, थोडा ट्रेमध्ये सांडला. "त्या निरंजनाचं बोलनं म्याबी ऐकलं व्हतं. तुजी पोळी करपली त्या दिशी. माज्याच ताटात वाढलीस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" अनिता चिडूनच म्हणाली. रडू आणि राग दोन्ही एकदम आलं होतं. "त्यांना एकदा सांगायचं तरी होतं!"

"सांगून कळतंय व्हय त्याला? त्याच्या बापाला कळलं न्हाई." गवराबाईंनी कप तिच्यापुढे धरला. "माजा मालक मला जत्रंला न्यायचा, तीर्थाला न्यायचा. लोकं म्हनायची, गवरा लई फिरती. म्या जितं गेले तितं आदी चुलीला तीन धोंडं हुडकले बघ. देव मागनं. येकादा देव तर बगायचाच ऱ्हायला." त्यांनी कप आणखी पुढे सरकवला. "मला रोज दुसऱ्याच्या हातचा च्या मिळतो, तू देतीस. तुला कोन देनार? पी. गार व्हतोय."

अनिता पलंगावर बसली. नुसती टेकली नाही, पाय वर घेऊन, पाठीला उशी लावून बसली. चहा गोड मिट्ट होता, आलं नव्हतं, दूध पाणचट होतं. तिच्या मेसमध्ये असा चहा कुणी केला असता तर तिने ओतून दिला असता. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

खालून गाडीची दारं उघडझाप झाल्याचे आवाज येत होते. दोघी उठून गॅलरीत गेल्या. धुक्यात बबनराव डिकीत अर्धा आत शिरला होता. परात, तवा, खलबत्ता, सगळं त्याने ओळीने रस्त्यावर मांडलं होतं. त्याने वर पाहिलं.

"अगं, घावत न्हाई!"

बर्नर अनिताच्या डाव्या मुठीत होता. तिने सासूकडे पाहिलं. गवराबाई सुपारी कातरत होत्या.

"नीट बघा," अनिता वरून म्हणाली. "घाई करू नका."

मग ती आत आली आणि किटलीतला उरलेला चहा तिने दोन्ही कपांत सारखा ओतला.